अहवाल लिहिणे हीसुद्धा खिदमत

मुलांसाठी काहीतरी करावे असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. कुणी वह्या-पुस्तके वाटतो, कुणी एखाद्या यतीम मुलाची फी भरतो, कुणी रमजानमध्ये जकातीतून रेशनचे किट देतो. ही सगळी चांगलीच कामे आहेत. पण मुलांसाठी झटणाऱ्या एखाद्या छोट्या संस्थेच्या कार्यालयात जाऊन विचारा, तुम्हाला कशाची कमतरता आहे? पैशाच्या खालोखाल एक उत्तर हमखास येते : लिहिणारे माणूस नाही. वस्तीत फिरणाऱ्या ताई आहेत, शिकवणारे आहेत, डॉक्टर महिन्यातून एकदा येतात. पण त्या सगळ्यांनी काय पाहिले, किती मुले आली, किती गळाली आणि का, हे नीट मांडणारे कोणी नाही.

मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांमध्ये या कामासाठी स्वतंत्र पद असते. त्याला रिपोर्ट्स ऑफिसर म्हणतात, आपण अहवाल अधिकारी म्हणू. कार्यकर्त्यांच्या नोंदी गोळा करायच्या, आकडे पडताळायचे, महिन्याचा अहवाल तयार करायचा, देणगीदाराला आणि सरकारी खात्याला हिशेब द्यायचा. पूर, भूकंप, दंगल अशा वेळी तर दर एक-दोन दिवसांनी परिस्थितीचा ताजा अहवाल द्यावा लागतो, कारण दूध कुठे पाठवायचे आणि औषधे कुठे, हे त्यावर ठरते. लहान संस्थांना असा पगारी माणूस परवडत नाही. तिथे हे काम स्वयंसेवकाने केले तर फार मोठा आधार होतो. आणि हे काम आपल्या घरांतले अनेकजण करू शकतात.

जे लिहिले नाही त्याचे काय होते

आपल्या पुण्याचेच उदाहरण घेऊ. सावित्रीबाई फुले यांच्यासोबत शिकवणाऱ्या फातिमा शेख यांचे नाव आज आपल्या मुली अभिमानाने घेतात. सावित्रीबाईंच्या १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात फातिमाचा उल्लेख येतो. पण त्यापलीकडे त्यांच्या कामाच्या लेखी नोंदी फारच थोड्या हाती लागतात. त्या किती वर्षे शिकवत होत्या, त्यांच्या वर्गात किती मुली होत्या, त्या मुलींचे पुढे काय झाले? कोणी लिहून ठेवले नाही. म्हणून अलीकडे तर फातिमा शेख खरोखर होत्या की नव्हत्या, यावरच वाद झाला. काम करणारी बाई पिढ्यांच्या आठवणीतून पुसट होते आणि तिच्या वर्गातल्या मुली तर पूर्णच नाहीशा होतात, ते असे.

याउलट महात्मा फुले यांनी लिहून ठेवले. १८८२ साली शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर आयोग नेमला गेला, तेव्हा त्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी आपले निवेदन दिले. सहीखाली त्यांनी स्वतःला व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर म्हटले आहे, पत्ता जुना गंज पेठेचा. शिक्षणखात्यातला अधिकारी नसलेल्या माणसाने मुलांच्या शिक्षणावर लिहिलेला तो अहवालच होता. शेतकऱ्यांची मुले शाळेत का येत नाहीत? तर गरिबीमुळे, आणि गुरे राखायला, शेतात लक्ष द्यायला घरात त्यांचीच गरज असते म्हणून. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी त्यात केली. आपल्या देशात ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मधली सव्वाशेहून अधिक वर्षे लक्षात घेतली की त्या कागदाचे मोल कळते.

त्याच निवेदनात मुसलमानांविषयीही एक नोंद आहे. मुसलमान या शाळांपासून दूर राहतात, त्यांना मराठी-इंग्रजीची फारशी ओढ दिसत नाही, आणि त्यांच्या भाषेत शिकवणाऱ्या मोजक्या शाळा आहेत, असा तिचा आशय. शेतकऱ्यांच्या मुलांबाबत कारणे आहेत, कारण लिहिणारा त्यांच्यातला होता. आपल्या मुलांबाबत निरीक्षण आहे, पण कारण नाही. ते कारण सांगायला मोहल्ल्यातले, दोन्ही भाषा जाणणारे कोणी शेजारी बसलेले नसावे. आज आपल्या घराघरांत उर्दू आणि मराठी दोन्ही येणाऱ्या मुली आहेत, बी.एड. झालेल्या सुना आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. ती रिकामी जागा आपण भरू शकतो.

एका शब्दाने फरक पडतो

सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. त्याआधी मुसलमान मुले म्हणजे मदरशात जाणारी मुले, असा समज सर्वत्र होता. समितीने आकडे तपासले, तेव्हा शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम ३ ते ४ टक्के मुले मदरशात शिकत असल्याचे दिसले. मदरसा आणि मकतब यांतला फरकही समितीने स्पष्ट केला. मदरशात मूल पूर्णवेळ शिकते. मकतबमध्ये ते सकाळी किंवा संध्याकाळी तास-दोन तास कुरआन पढायला जाते आणि उरलेला दिवस नेहमीच्या शाळेत असते. त्याच अहवालातली दुसरी गोष्ट जास्त काळजीची होती : ६ ते १४ वयोगटातील सुमारे २५ टक्के मुस्लिम मुले एकतर कधी शाळेत गेलीच नव्हती, किंवा मधेच शाळा सुटली होती. खरा प्रश्न तो होता आणि चर्चा भलत्याचीच चालली होती.

हा गोंधळ वस्तीपातळीवर आजही होतो. सर्वेक्षणाला आलेली मुलगी विचारते, "कुठे शिकतोस?" मूल टोपी घालून मशिदीतून येत असते, ते म्हणते, "मदरसे में." झाले, कागदावर शाळाबाह्य. प्रत्यक्षात ते मूल सकाळी मनपाच्या उर्दू शाळेत चौथीत असते. याच्या उलटही घडते. आई सांगते, "पढने जाता है," आणि शाळेत जात नसलेले मूल शाळेत दाखल म्हणून नोंदले जाते. पुढचा एक प्रश्न, "दिवसभर कुठे असतो?", विचारला असता तर दोन्ही चुका टळल्या असत्या.

नात्यांचेही तसेच. मूल म्हणते, मी खालाकडे राहतो. इंग्रजी अहवालात तेच 'आंटी' होते, आणि खाला, फुफी, चाची, मुमानी सगळ्या एकाच शब्दात बुडतात. मुलाची जबाबदारी कोण घेऊ शकते हे ठरवताना आईची बहीण आणि वडिलांच्या भावाची बायको यांत फरक पडतो. मराठीत मावशी, आत्या, काकू, मामी असे चारही शब्द आपल्याकडे आहेत. ते वापरले पाहिजेत.

नावांचा घोळ तर प्रत्येक मुस्लिम घराने भोगलेला आहे. आधारवर 'आयेशा मेहबूब शेख', शाळेच्या जनरल रजिस्टरला 'शेख आयशा महेबुब', जन्मदाखल्यावर नुसतेच 'आयशाबी'. जन्मतारीख ठाऊक नसेल तर १ जून. दहावीच्या वेळी, शिष्यवृत्तीच्या अर्जात या कागदांची गाठ पडते आणि मग धावपळ सुरू होते. ज्याला उर्दू वाचता येते आणि मराठी लिहिता येते, त्याने सुरुवातीलाच दाखला पाहून नाव अक्षरशः उतरवून घेतले, कोणत्या कागदावर काय आहे हे वेगवेगळे लिहिले, तर पुढची काही वर्षांची पायपीट वाचते.

पुण्यातली आणि आसपासची कामे

असे काम कुठे चालते? दोन-तीन नावे सर्वांना माहीत असावीत. समाजकार्याच्या प्राध्यापक रजनी परांजपे आणि त्यांच्या विद्यार्थिनी बीना शेठ-लष्करी यांनी १९८८ मध्ये मुंबईत डोअर स्टेप स्कूल सुरू केले. १९९३ पासून त्याचे काम पुण्यात आहे. पुण्याच्या चारी बाजूंना इमारती उठतात, त्यांच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांत मजुरांची मुले राहतात. साइट संपली की कुटुंब दुसरीकडे जाते आणि मुलाची शाळा तुटते. संस्थेने बांधकामांच्या जागी वर्ग घेतले, बसमध्ये शाळा चालवली. शिवाय नागरिकांना बरोबर घेऊन बांधकामांच्या जागी जाऊन शाळेबाहेरची मुले शोधायची, त्यांची नोंद करायची आणि जवळच्या शाळेत दाखल करायचे, अशी मोहीमही चालवली. या सगळ्या कामाचा पाया यादी हाच आहे. कोणत्या साइटवर किती मुले, कोणत्या वयाची, आधी कुठे शिकत होती. यादीच नसेल तर शाळेत कोणाला न्यायचे?

दुसरे नाव प्रथम. १९९५ मध्ये मुंबईतल्या वस्त्यांत माधव चव्हाण आणि आपल्या फरीदा लांबे यांनी ते उभे केले. 'असर' हा शिक्षणाच्या स्थितीचा वार्षिक अहवाल २००५ पासून प्रथमच्याच प्रेरणेने निघू लागला. ग्रामीण भागातील प्रत्येक जिल्ह्यात ३० गावे, प्रत्येक गावात २० घरे, आणि घरी जाऊन मुलासमोर एक कागद ठेवायचा : अक्षरे, शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट. मूल जिथपर्यंत वाचेल तिथपर्यंत खूण करायची. हे करणारे बहुतेक स्थानिक महाविद्यालयांतले विद्यार्थी आणि कार्यकर्ते असतात. पाचवीतल्या निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही, ही गोष्ट देशाला अशा साध्या खुणांतून कळली.

तिसरे म्हणजे १०९८ ही मुलांची हेल्पलाइन. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने ती सुरू झाली. 'दस, नौ, आठ' असे उलटे मोजले की मुलांच्या लक्षात राहते, म्हणून हा नंबर. पुण्यात ज्ञानदेवी या संस्थेने हे काम वर्षानुवर्षे केले. २०२३ पासून ही हेल्पलाइन सरकारी यंत्रणेमार्फत चालते आणि ११२ शी जोडलेली आहे.

अडचणीत सापडलेल्या मुलाला बाल न्याय कायद्यानुसार प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत बाल कल्याण समितीसमोर आणावे लागते. मग समिती त्याच्या घरची, परिस्थितीची चौकशी करून अहवाल मागवते. तो १५ दिवसांत यावा असे कायदा सांगतो. मूल आईकडे जाणार, नातेवाइकांकडे की संस्थेत, हे ठरवताना तो कागद समोर असतो. हा अहवाल नेमलेल्या व्यक्तीनेच करायचा असतो, स्वयंसेवकाने नाही. पण वस्तीतल्या जुन्या, खऱ्या नोंदी हाताशी असतील तर ते कामही नीट होते.

चांगला अहवाल कसा असतो

निबंधात आपण मुलांना अलंकार शिकवतो, अहवालात ते बाजूला ठेवावे लागतात. समजा, एका मजूर वस्तीबद्दल कोणी असे लिहिले : "मुलांची परिस्थिती अतिशय दयनीय आहे. पालक अशिक्षित व शिक्षणाबाबत उदासीन आहेत. मुलांना मदतीची नितांत गरज आहे." वाचून हळहळ वाटेल, पण उद्या सकाळी काय करायचे ते कळणार नाही.

आता दुसरी नोंद पाहा : "वस्तीत ६ ते १४ वयाची २३ मुले. ९ मनपा शाळेत जातात, १४ जात नाहीत. त्या १४ पैकी ८ जण धाकट्या भावंडांना सांभाळतात. आई-वडील सकाळी ८ ते संध्याकाळी ६ कामावर असतात. जन्मदाखला नसल्याने प्रवेश मिळणार नाही, असे ४ मुलांच्या पालकांना वाटते. २ मुले पंधरा दिवसांपूर्वीच गावाहून आली."

या नोंदीतून लगेच तीन कामे दिसतात. आठ मुलांसाठी पाळणाघराची सोय झाली तर ती मोकळी होतील. चार पालकांना सांगायचे की वयाचा पुरावा नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यातच तसे आहे. नव्या दोन मुलांच्या जुन्या शाळेत चौकशी करायची. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी आपल्या राज्यात शिक्षण हमी कार्डाची सोय केली गेली, ते त्यांना मिळाले आहे का पाहायचे. आणि पालक 'उदासीन' होते, हा शब्द कुठल्या कुठे गळून पडतो. दहा तास विटा उचलणाऱ्या बाईला उदासीन म्हणायला आपण कोण?

म्हणून काही साध्या सवयी लावून घ्याव्यात. डोळ्यांनी पाहिलेले, कोणी सांगितलेले आणि आपल्याला वाटलेले, हे तिन्ही वेगवेगळे लिहावे. तारीख आणि जागा प्रत्येक नोंदीवर टाकावी. मूल जे बोलले ते त्याच्याच शब्दांत, त्याच्याच भाषेत आधी उतरवावे, मग मराठी करावे. एका मुलाला दप्तर मिळाले, त्याची आरोग्य तपासणी झाली आणि ते वर्गालाही आले, तर ते एकच मूल आहे, तीन लाभार्थी नव्हेत.

शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. देणगीदाराला मोठा आकडा आवडतो. संस्थेला वाटते, दाखल केलेली तीस मुले लिहू, दिवाळीपर्यंत अकरा गळाली ते कशाला लिहायचे? हेतू वाईट नसतो, पुढच्या वर्षीची मदत थांबेल ही भीती असते. पण ती अकरा मुले कागदावर शाळेतच राहिली, तर त्यांना शोधायला कोणीच जाणार नाही. अहवाल लिहिणाऱ्याने अशा वेळी नम्रपणे पण ठाम राहावे.

आपल्या दीनमध्ये या गोष्टीला किती वजन आहे पाहा. सूरह बकराची २८२ वी आयत ही कुरआनातली सर्वांत लांब आयत. ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि लिहिणाऱ्याने न्यायाने लिहिण्याबद्दल आहे. सूरह निसाच्या सहाव्या आयतीत यतीमांचा माल त्यांच्या हवाली करताना साक्षीदार ठेवण्याचा हुकूम आहे. मुलाच्या नावाने आलेला पैसा आणि मुलाची खरी हकीकत, दोन्ही अमानतच आहेत.

मुलाची अब्रू

मदत करताना फोटो काढण्याची सवय आपल्याकडे फार वाढली आहे. रेशनचे पाकीट हातात, मूल कॅमेऱ्याकडे बघते आहे, आणि संध्याकाळी तो फोटो मोहल्ल्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. ते मूल उद्या वर्गात बसते तेव्हा शेजारच्या मुलांनी तो फोटो पाहिलेला असतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचे काय होत असेल, हे शिक्षिका म्हणून मी जाणते. अशी मुलगी मग दप्तर घ्यायलाही येत नाही.

काही बाबतीत तर हा सरळ गुन्हा आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या, कायद्याशी संघर्षात आलेल्या, गुन्ह्याला बळी पडलेल्या किंवा साक्षीदार असलेल्या मुलाची ओळख माध्यमांतून उघड करता येत नाही. नाव, पत्ता, शाळा, फोटो, काहीच नाही. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून अहवालात नावाऐवजी क्रमांक वापरावा, खऱ्या नावांची यादी संस्थेच्या कुलपात राहावी, घरच्या मोबाइलमध्ये नको.

आणि एक गोष्ट अहवालासाठी कधीच थांबू शकत नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले किंवा तशी शंका आली, तर पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. "घरातली बाब आहे," "बदनामी होईल," असे सांगणारे भेटतील. तरीही त्याच दिवशी ११२ किंवा १०९८ ला फोन करावा. महिनाअखेरच्या अहवालात ती ओळ येऊन उपयोग नाही.

सुरुवात कशी करावी

आठवड्याला दोन-तीन तास पुरतात. वस्तीभेट महिन्यातून एकदा तरी करावी, कारण न पाहिलेल्या गोष्टींवर फार दिवस खरे लिहिता येत नाही. बाकीचे काम घरून होते. ज्या घरांतून मुलींना रोज बाहेर पाठवायला अजून मन धजत नाही, त्यांनी याचा विचार करावा. मराठी टायपिंग, आकड्यांचा तक्ता करणे, नीट प्रश्न विचारणे हे सगळे ती शिकेल, आणि उद्या नोकरीच्या अर्जात हा अनुभव लिहील. ज्यांचे इंग्रजी चांगले आहे आणि वय अठरा पूर्ण आहे, त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमातून घरबसल्या लेखन-भाषांतराचे विनामोबदला कामही मिळू शकते. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर तो फसवतो आहे असे समजावे. संयुक्त राष्ट्रे कुठल्याही टप्प्यावर फी घेत नाहीत.

संस्था निवडताना ती नोंदणीकृत आहे का आणि मुलांच्या सुरक्षेचे तिचे नियम लेखी आहेत का, हे विचारावे. चांगली संस्था उलट तुमचीच चौकशी करेल, ओळखपत्र मागेल, मुलांसोबत एकटे बसू देणार नाही. त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

पहिल्या भेटीत त्यांचा गेल्या महिन्याचा अहवाल मागून घ्या आणि घरी आणून शांतपणे वाचा. किती मुले होती, त्यातली किती आज नाहीत, आणि ती कुठे गेली? ही तीन उत्तरे त्यात सापडली नाहीत, तर पुढच्या आठवड्यात वही-पेन घेऊन तिथूनच सुरुवात करा.